दसऱ्यानंतरची परसबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की आमच्याकडे फोन सुरू होतात. मुंबईची भाची, पुण्यातल्या जाऊबाई, त्यांच्या सोसायटीतल्या मैत्रिणी. प्रश्न दरवर्षी तेच, आणि माझी उत्तरंही तीच. म्हणून यंदा एकदाच लिहून काढलं.

आम्ही जुन्नर तालुक्यात राहतो. घराभोवती पाच गुंठे जागा आहे. त्यात भाजीचे वाफे, एक आंबा, एक आवळा, एक लिंबू, सहा कोंबड्या आणि दोन शेळ्या. खाली लिहिलंय ते या जमिनीवर केलेलं आहे. कोकणात थंडी नावापुरती पडते, विदर्भात आमच्यापेक्षा कडक असते. तेव्हा आठवडा-दोन आठवडे इकडेतिकडे तुमचं तुम्ही करून घ्या.

थंडीची भाजी कधी लावायची? थंडी पडल्यावर ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. बी उगवायला जमिनीत ऊब लागते, थंडी लागते ती रोप वाढायला. ऑक्टोबरच्या उकाड्यात आपण घाम पुसत असतो तेव्हा माती बियांसाठी अगदी छान तापलेली असते. तेच धणे डिसेंबरात पेरले तर पंधरा पंधरा दिवस मातीत नुसते पडून राहतात आणि मग आपण दुकानदाराला शिव्या देतो.

परतीचा पाऊस उघडला, माती हातात घेऊन दाबली आणि गोळा होऊन बोटाने ढकलल्यावर फुटला, की वाफे करायला घ्यायचे. त्याआधी चिखलात कुदळ मारली तर ढेकळं होतात आणि ती पुढे संक्रांतीपर्यंत तशीच राहतात.

पेरणीचं वेळापत्रक मी सणांवर लावलंय, लक्षात राहतं. पहिली पेरणी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, दुसरी दिवाळीत, तिसरी तुळशीच्या लग्नाला, चौथी चंपाषष्ठीच्या सुमाराला. प्रत्येक वेळी वाफ्याचा चौथा हिस्साच पेरायचा. एकाच दिवशी सगळं पाकीट ओतलं की नोव्हेंबरच्या एका आठवड्यात तीस जुड्या मेथी होते. शेजारणी दार लावून घेतात आणि त्यानंतर महिनाभर आपण बाजारातून मेथी आणतो. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. घरात सलग अकरा दिवस मेथी शिजली.

घरात ठेवलेलं जुनं बी चालेल का?

बियांनाच विचारा. वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवा, फडकं सुकू देऊ नका. मेथी तीन-चार दिवसांत बोलते, पालकाला आठवडा द्या. पंधराच्या वर मोड आले तर बिनधास्त पेरा. दहाच आले तर दुप्पट दाट पेरा. त्याहून कमी असतील तर कोंबड्यांना टाका.

खरं तर आपल्याकडे ही चाचणी दर नवरात्रात होते. घटाच्या परडीत घरचंच धान्य पेरतो ना आपण? आमच्या सासूबाई नवव्या माळेला घटाकडे बघून हात जोडतात आणि मग हळूच म्हणतात, "गहू निम्मा गेलाय, यंदा बियाणं बाहेरून आणा." देवीपुढे एवढं व्यवहाराचं बोलणं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

वाफा कसा करायचा?

तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधपर्यंत हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. लांबी जागेप्रमाणे. उंची वीतभर, कारण नोव्हेंबरात अवकाळी येऊन गेला तर सपाट वाफ्यात पाणी साचून मुळं कुजतात. दहा फुटी वाफ्याला एक घमेलं शेणखत पुरे. पण ते कुजलेलं हवं, म्हणजे हातात चुरल्यावर भुसभुशीत लागेल, वास मातीचा येईल.

ताजं शेण घालू नका. मी एकदा घाईत घातलं. पालक टरारून आला आणि मग एकेक रोप माना टाकायला लागलं. उपटून पाहिलं तर मुळं कुरतडलेली आणि खाली करंगळीएवढ्या पांढऱ्या अळ्या गोल होऊन बसलेल्या. हुमणी. कोंबड्या सोडल्या वाफ्यात, त्यांची दिवाळी झाली.

आमच्याकडे जागा आहे, खत आहे, तरी रोपं उंच-उंच, पांढुरकी होऊन लोळतात. का?

ऊन कमी पडतंय. आणि ते कमी पडतंय हे तुमच्या लक्षात येत नाही, कारण जागा तुम्ही उन्हाळ्यात बघून ठरवलेली असते.

आमच्या कंपाउंडची दक्षिणेची भिंत दहा फूट उंच आहे. मे महिन्याच्या मध्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा भरदुपारी त्या भिंतीला सावलीच नसते. मी भिंतीलगतच वाफा आखला होता. डिसेंबरात बघते तर दिवसभर काळोख. २२ डिसेंबरच्या आसपास आमच्याकडे दुपारी बारा-साडेबारालाही सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो. दहा फुटी भिंतीची सावली तेव्हा नऊ फूट लांब पडते. टेपने मोजलीय मी. तिथे आता लाकडं रचलेली असतात आणि वाफे नऊ फूट पुढे सरकलेत.

बाल्कनीवाल्यांनाही हाच हिशेब. उत्तरेच्या बाल्कनीत दसऱ्यापासून होळीपर्यंत थेट ऊन येणारच नाही, तिथे भाजीचा हट्ट नको. दक्षिणेच्या बाल्कनीत मात्र थंडीतच सगळ्यात चांगलं ऊन मिळतं, पार आतल्या जाजमापर्यंत. पालेभाजीला चार तास ऊन चालतं. टोमॅटो-वांग्याला सहा तास तरी हवं.

कोथिंबीर उगवतच नाही. काय चुकतं?

धणा म्हणजे एक बी नाही, ते फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. अख्खा धणा पेरला तर पाणी आत जायलाच वेळ लागतो. ताटात धणे पसरून वरून वाटी किंवा चपलेचा तळ हलक्या हाताने फिरवायचा. दोन फाका झाल्या पाहिजेत, पीठ नाही. सासूबाई गोणपाटावर पायाने रगडतात. मग रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून फडक्यात, आणि थोडे कोरडे झाले की पेरायचे, अर्धा इंच खोल. वर पातळसं गोणपाट टाकायचं आणि त्याच्यावरूनच पाणी शिंपडायचं.

ऑक्टोबरात आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतात. दिसले की गोणपाट त्याच संध्याकाळी काढायचं. माझ्या भाचीने "अजून थोडे येऊ दे" म्हणून चार दिवस ठेवलं आणि काढताना सगळे कोंब गोणपाटाबरोबर उपटून आले.

किराणा दुकानातले धणे चालतात का, हा जोडप्रश्न असतोच. चालतात, जुने किंवा भाजलेले नसले म्हणजे झालं. मेथीही डब्यातली चालते. त्यासाठी महागडं पाकीट कशाला?

कुठली भाजी किती दिवसांत येते?

मेथी पंचवीस ते तीस दिवस. पालक, शेपू आणि चाकवत पस्तीस-चाळीस. मुळा चाळीस ते पन्नास, आणि त्याचा पाला त्याआधीच खायला सुरुवात करायची. अर्केल जातीचा वाटाणा दोन महिन्यांत शेंगा देतो. नवलकोल लागणीनंतर दोन महिन्यांच्या आत गड्डा धरतो. याला आमच्याकडे कोणी मान देत नाही, पण मूठभर हरभऱ्याची डाळ घालून त्याची भाजी करून बघा. गाजराला तीन महिने लागतात. टोमॅटो लागणीपासून सत्तर दिवसांच्या आसपास. फ्लॉवर आणि कोबी जागा फार अडवतात, एका रोपाला एकच गड्डा. मी लावत नाही. त्या जागेत पालकाच्या चार कापण्या निघतात.

पालक उपटू नका, खालची दोन बोटं सोडून विळीने कापा. तो पुन्हा फुटतो.

कुंडीत लावायचं असेल तर मेथीला सहा इंच खोली पुरते, पालकाला आठ, मुळा-गाजराला फूटभर तरी हवी, नाहीतर गाजर कुंडीच्या तळाला टेकून वाकडं होतं. चवीला फरक नाही, पण मुलं हसतात.

लसूण घरी येतो का?

येतो, आणि यासारखं बिनकटकटीचं पीक नाही. मला तर दिवाळीच्या फराळाइतकाच लसूण लावायचा उत्साह असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गड्डा फोडून बाहेरच्या, जाड पाकळ्या निवडायच्या. आतल्या बारीक पाकळ्या फोडणीला. साल काढायचं नाही. टोक वर आणि बूड खाली धरून, टोक मातीखाली जेमतेम झाकलं जाईल एवढं खोल लावायचं. दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर. आठवड्याभरात हिरवे भाले वर येतात.

पुढे चार महिने तण काढणं आणि बेताचं पाणी, बस. मधेच पातीची टोकं कात्रीने कापून चटणीला घेता येतात, पण सगळ्या रोपांची नको, गड्डा बारीक राहतो. पात पिवळी पडून माना टाकायला लागली की पाणी तोडायचं. पंधरा-वीस दिवसांनी उपटायचा, पातीसकट वेणी घालून सावलीत टांगायचा.

जात विचारतात लोक. राहुरीच्या विद्यापीठाच्या गोदावरी आणि श्वेता या जुन्या जाती आहेत. आमच्याच रस्त्यावर राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, त्यांच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल आहेत. बी मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर आठवडी बाजारात ज्या बाईकडे गावठी लसूण दिसेल तिच्याकडून अर्धा किलो घ्या. मोठमोठ्या पाकळ्यांचा, पांढराशुभ्र, बाहेरून आलेला लसूण लावून मी एकदा नुसतीच पात खाल्ली आहे.

थंडीत पाणी किती द्यायचं?

तुम्ही देताय त्याहून कमी. हे मी न बघता सांगू शकते. उन्हाळ्याची सवय हाताला असते, त्यामुळे रोज संध्याकाळी पाइप धरला जातो. थंडीत जमीन लवकर सुकत नाही. बोटाची दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर घरात परत जा आणि चहा प्या. आमच्या काळ्या मातीत नोव्हेंबरात दोन-तीन दिवसांआड आणि डिसेंबरात चार-पाच दिवसांआड पाणी पुरतं. कुंडीला जरा लवकर लागतं.

पाणी सकाळी द्यायचं आणि मुळाशी. संध्याकाळी पानांवर उडवलेलं पाणी रात्रभर तसंच राहतं आणि बुरशीला आमंत्रण जातं.

मावा आणि भुरीचं काय करू?

आधी ओळखू या. पानामागे किंवा कोवळ्या शेंड्याला हिरवे-काळे बारीक दाणे चिकटलेत, पान चिकट लागतंय आणि मुंग्यांची रांग वर चढतेय, म्हणजे मावा. पानावर कोणी टाल्कम पावडर शिंपडल्यासारखं दिसतंय, म्हणजे भुरी.

मावा थोडा असेल तर पाण्याची जोरदार धार किंवा सरळ बोटांनी चिरडणं. त्याआधी जरा निरखून पाहा. माव्यात सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी, काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरत असेल तर तिला मारू नका. ती लाल ठिपक्यांच्या ढालकिड्याची अळी, दिवसाला कितीतरी मावा खाते. माझ्या जाऊबाईंनी ती "भयंकर कीड" म्हणून वेचून वेचून मारली होती आणि मला फोटो पाठवला होता.

जास्त असेल तर निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून पाणी एक लिटर करायचं, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारायचं. उन्हात त्याचा दम जातो. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात. तेव्हा गोळा केल्या नसतील तर आता कडुनिंबाचं तेल आणा, लिटरला पाच मिली, साबण घालून.

भुरीला आंबट ताक, एका वाटीला दहा वाट्या पाणी, आठवड्यातून एकदा. सुरुवातीलाच केलं तर थांबते. सगळी वेल पांढरी झाल्यावर ताक वाया घालवू नका, कढी करा. काकडी-दोडक्याच्या म्हाताऱ्या वेलांवर भुरी येतेच, त्यांचे दिवस भरलेले असतात, उपटून टाका.

एकदम कडाका पडला तर?

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. निफाडला तर काही वर्षी ५ च्याही खाली गेलाय, तेव्हा द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसतात. परसबागेला एवढा थाट नको. मेथी, पालक, लसूण आणि वाटाणा थंडीत उलट खुलतात. सांभाळायचं ते टोमॅटो, मिरची, वांगी, पपई आणि केळीची पिल्लं.

हवामान खात्याने थंडीची लाट सांगितली की आदल्या दिवशी वाफा थोडा भिजवून ठेवायचा. ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त धरून ठेवते. विहिरीचं पाणी असेल तर सोन्याहून पिवळं. पहाटे विहिरीतून वाफ निघताना दिसते ना, ते पाणी हवेपेक्षा कोमट असतं. संध्याकाळी चार काठ्या रोवून वर जुनी सुती साडी टाकायची, सकाळी आठला काढायची. प्लास्टिकचा कागद पानांना टेकू देऊ नका, टेकतो तिथे पान काळं पडतं.

शेवंतीला कळ्याच नाहीत. खत कमी पडलं का?

तुमच्या दाराशी रस्त्यावरचा दिवा आहे का ते सांगा. शेवंती रात्री मोठ्या झाल्या की कळ्या धरते. रात्रभर उजेड पडला तर तिला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे. आमच्या गल्लीत पांढरा झगझगीत दिवा लागला त्या वर्षी फाटकाजवळच्या तीन कुंड्या नुसत्या पाल्याने माजल्या आणि मागच्या दारची, त्याच झाडाची फुटवी असलेली कुंडी फुलांनी वाकली. कुंड्या मागे नेल्या, प्रश्न संपला.

गुलाबाची छाटणी पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात करा, दीड महिन्याने फुलं येतात. मोगऱ्याला आता काही विचारू नका. त्याचं पाणी कमी करा, डिसेंबर-जानेवारीत छाटा आणि निजू द्या.

तुळस दरवर्षी थंडीत का जाते?

श्रद्धेमुळे. रागावू नका, पण रोज सकाळी तांब्याभर पाणी आणि त्यात घरातल्या तिघींनी घातलेलं वेगवेगळं, एवढं तिच्या मुळांना थंडीत झेपत नाही. पळीभर घाला, देवाला पोचतं. मंजिऱ्या खुडत राहा, नाहीतर झाड सगळी ताकद बियांत घालून बसतं. तुळशीच्या लग्नानंतर वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी डबीत ठेवा, उन्हाळ्याच्या तोंडाला नवी रोपं करा. तुळस दोन-तीन वर्षांत थकते, त्यात अपशकुन काही नाही.

दारच्या आंब्याला पाणी घालू का?

मोहोर येईपर्यंत नको. पाऊस संपल्यापासून त्याला ताण बसला तरच तो मोहरतो, पाणी घातलंत तर लालसर पालवी मिळेल. फळं वाटाण्याएवढी झाली की मग सुरू करा. आमच्या शेजारी वर्षभर आंब्याच्या बुंध्यात धुणी धुतात आणि आंबा येत नाही म्हणून देवाला कौल लावतात.

कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय. आजारी आहेत का?

खातायत, उकरतायत, तुरा लाल आहे, तर आजारी नाहीत. दिवस लहान झालाय, एवढंच. कोंबडीला भरघोस अंडी द्यायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. डिसेंबरात आमच्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्यातच त्या पिसं गाळतात, नवी पिसं घडवायला प्रथिनं लागतात, मग अंड्याला उरत नाही. खुराड्यात पिसांचा खच बघून भाचीला वाटलं मुंगूस येऊन गेलं.

पहाटे चार ते सात दिवा लावला तर अंडी पुन्हा सुरू होतात, विक्रीवाले तसं करतात. मी करत नाही. वर्षातून दोन महिने त्यांनाही सुट्टी असू दे. संध्याकाळी मूठभर मक्याचा भरडा, सकाळी कोमट पाणी, खाली भाताच्या तुसाचा चार बोटं कोरडा थर, आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा. पण सगळं खुराडं बंद करू नका, वर हवेला फट हवी. आत अमोनियाचा वास कोंडला की कोंबड्या शिंकायला लागतात. थंडीने मरतात त्याहून जास्त कोंदटपणाने मरतात.

शेळ्या रात्री अंगणात बांधल्या तर चालतील?

आमच्या तालुक्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण नवीन फार्महाऊस घेतलेले लोक विचारतात. नाही चालणार. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड हा उसाचा पट्टा आहे, आणि ऊस म्हणजे बिबट्याचं घर. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटतात, तोड सुरू होते आणि त्यांचा आडोसा जातो. मग ते वस्तीकडे सरकतात.

शेळ्या चार भिंतींच्या आत, वर पत्रा किंवा जाळी, आतून कडी. नुसतं उंच कुंपण त्याला अडवत नाही. अंधार पडल्यावर वाकून वाफ्यात काम करू नका. वाकलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. पोरांना एकटं संडासला पाठवू नका. उसात पिल्लं सापडली तर हात लावू नका, आई जवळपास असते. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा.

पालापाचोळा जाळला तर राख खत म्हणून वापरता येईल ना?

मूठभर राख येईल आणि बाकी सगळं हवेत जाईल. खड्डा करा, किंवा चार काठ्यांना जाळी गुंडाळा. वीतभर पाला, त्यावर शेणाचा पातळ काला, पुन्हा पाला. महिन्याने एकदा वरचं खाली करा. आंब्याची आणि फणसाची पानं चिवट असतात, ती पायाने चुरून घाला. कार्तिकात रचलेलं मृगाच्या तोंडाला वापरायला होतं. शेकोटीची राख भाजीला द्यायची तर चिमटीनेच द्या. पालाश असतं तिच्यात, पण आमच्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत राख जास्त झाली तर उलटी पिवळी पडतात रोपं.

बी कसं धरायचं?

पावसाळी वेल आता संपतायत. हीच वेळ. वेलावरचा सगळ्यात देखणा दोडका तोडायचा नाही, कितीही मोह झाला तरी. लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी भाजीला नेणार नाही. वाळून हलवल्यावर खुळखुळला की उतरवा. बी आत, आणि वरची जाळी भांडी घासायला. दुधी आणि भोपळ्याचं बी धुवून सावलीत वाळवा, राखेत घोळवून बरणीत. वर तारीख लिहा, "आठवेल" म्हणू नका.

संकरित पाकिटातल्या भाजीचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत एकासारखं दुसरं येत नाही. गावठी बी हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, त्यांनी असंच घरात, मडक्यांत आणि राखेत गावरान वाण जपत बियांची बँक उभी केली. आमच्या तालुक्याला लागूनच तो तालुका.

आवळे आणि ओली हळद एवढी झाली, की काय करू?

आवळी भोजन झाडाखाली होऊन गेलं की आवळे उतरवायचे. निम्म्याचा मोरावळा, आवळ्याच्या वजनाइतकी किंवा थोडी जास्त साखर. बाकीचे किसून मीठ लावून उन्हात, झाली सुपारी. हळदीचा पाला पिवळा पडून आडवा झाल्याशिवाय गड्डा काढू नका, म्हणजे जानेवारी उजाडतो. पण लोणच्यासाठी एखादं बेट डिसेंबरात उकरलं तर कोणी रागवत नाही. सोलण्याआधी हाताला तेल लावा. मी दरवर्षी विसरते आणि हळदीकुंकवाला पिवळ्या नखांनी जाते.

मी न्यू जर्सीत आहे. यातलं मला काय उपयोगी?

लसूण. तुमच्याकडे जमीन गोठण्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, वर वीतभर वाळका पाला अंथरा, बर्फाखाली तो निवांत झोपतो आणि वसंतात वर येतो. काढणी मात्र उन्हाळ्यात. मेथी खिडकीत, उथळ ट्रेमध्ये. बाकी आम्ही जे उघड्यावर करतो ते तुम्ही मार्चनंतर करा.

आज दिवाळीचा पाडवा. आत्ता वांगी लावली तर चंपाषष्ठीच्या भरताला येतील का?

रोप लावल्यापासून पहिलं वांगं हातात यायला दोन महिने तरी लागतात. चंपाषष्ठी येते नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यात. म्हणजे रोपं गणपतीच्या आगेमागेच मातीत जायला हवी होती. आता लावा, भोगीच्या भाजीला कदाचित दोन-चार मिळतील. भरताची बाजारातून आणा, काटेरी देठाची, हलकी बघून. आणि हो, कांद्याची पात मात्र घरची होईल. कोंब आलेले कांदे आज पुरलेत तर.